सेतूशेजारची वाट

वॉर्डातल्या सगळ्या परिचारिकांच्या बांगड्यांची मापं रत्नमालाबाई अंदुरे यांना चार दिवसांत पाठ झाली होती. सलाइनची सुई बघायला जी कुणी वाकेल, तिचाच हात त्या आपल्या डाव्या हातात घ्यायच्या, अंगठ्याच्या मुळाशी जरासं दाबायच्या आणि सांगायच्या, "तुझं माप सव्वादोन. अडीचच्या घालतेस, म्हणून नुसत्या वाजतात." चाळीस वर्षं कासारकी केलेला हात. मोजपट्टी त्यांनी कधी वापरली नव्हती.

उजवा हात मात्र उशीवर ठेवलेला असे, परक्या घरच्या पाहुण्याला बसवावं तसा. मनगटाच्या आतल्या बाजूला, कातडीखाली, ज्वारीच्या दाण्याएवढा एक हिरवा ठिपका लुकलुकत असे. मिरजेच्या त्या रुग्णालयात असे हिरवे ठिपके आता कुणाला नवे राहिले नव्हते. जिन्यात, चहाच्या टपरीवर, औषधांच्या रांगेत कुणाच्या मनगटावर, कुणाच्या कोपराशी ते दिसायचे. लोक त्यांना कौतुकानं काजवा म्हणायचे.

हा काजवा म्हणजे रेशीमसेतूची खूण. किड्यांना विशिष्ट पाला खाऊ घातला की त्यांच्या कोशातलं रेशीमच वीजवाहक निघतं, हा शोध लागून सहा वर्षं झाली होती. तुटलेल्या मज्जातंतूच्या दोन टोकांमध्ये या रेशमाचा बोटाच्या पेराएवढा पूल बांधायचा. त्यातून अगदी सूक्ष्म विद्युतधारा वाहत राहते, आणि मज्जेची दोन्ही टोकं त्या धारेच्या ओढीनं रोज मिलिमीटरभर वाढत येऊन रेशमाला बिलगतात. मग स्पर्शाचा निरोप बोटाकडून निघतो, मज्जेतून येतो, मधला पल्ला रेशमावरून पार करतो आणि पुढे पुन्हा मज्जेतून मेंदूकडे जातो.

वैशाखात दुकानातला काचेच्या बांगड्यांचा खोका रत्नमालाबाईंच्या हातावर फुटला. मनगटातली मोठी मज्जा तुटली. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, कासारणीची तीच तर तीन बोटं, लाकडाची झाली. सेतू बसवला. नवरात्रात बोटांत थोडी जाणीव आली. आणि कार्तिक लागला तसं मनगट सुजलं, कारण शरीरानं रेशीम नाकारायला सुरुवात केली होती. सेतू काढणं भाग होतं. शस्त्रक्रिया आज अकराला ठरली होती.

आठ वाजता मृदुला मगदूम शेवटचं माप घ्यायला आली. ती रुग्णालयाची मापनतज्ज्ञ. सेतूच्या वर आणि खाली कातडीत दोन बारीक सुया टेकवायच्या आणि त्यांच्यामध्ये विजेला किती रोध होतो, म्हणजे किती अडवणूक होते, ते बघायचं, हे तिचं काम. पडद्यावर आकडा उमटला: दोनशे ओहम.

मृदुलानं जुनी नोंद उघडली. बसवला त्या दिवशी एकट्या सेतूचा रोध सहाशे होता.

खाली निदानिकेचा शेरा होता. निदानिका म्हणजे हजारो रुग्णांच्या नोंदी वाचून तयार झालेली संगणकप्रणाली; ती सहसा चुकत नसे. 'हाताचा वापर: नाही. सुजेतल्या पाण्यामुळे सेतूचा रोध घटला आहे. मज्जा व सेतू यांची जोडणी एकसर. संभाव्यता ९६ टक्के.'

"काय म्हणतंय गं तुझं यंत्र?" रत्नमालाबाईंनी विचारलं.

"एकसर म्हणतंय, मावशी."

"म्हणजे?"

मृदुला घुटमळली. मग म्हणाली, "म्हणजे मज्जा, सेतू आणि पुन्हा मज्जा असं एकापुढे एक जोडलेलं आहे. मधलं काढलं की…"

"की आलेलं परत जाणार." बाईंनी वाक्य पुरं केलं. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "मार्गशीर्षात नातीचं लग्न आहे. तिचा चुडा मीच भरणार असं कालिकामातेपुढं बोलून बसले होते. देवीची मर्जी. बरं, तेवढी पिशवीतली डबी दे बघू. दीडशे राहिल्यात. भुलीच्या आधी होतील."

डबी बिस्किटांची होती. बाईंनी ती मांडीवर घेतली, कापसाचा एक पुंजका काढला, दुधाच्या वाटीत बोट बुडवलं, आणि उजव्या हाताच्या त्या तीन बोटांत पुंजका धरून शेंड्याला हलकासा पीळ दिला. फुलवात तयार झाली. ती बाजूला ठेवून त्यांनी दुसरा पुंजका उचलला. ओठ हलत होते.

मृदुलाच्या हातातली सुई तशीच राहिली. "मावशी! तुम्ही उजव्या हातानं काम करता?"

बाईंनी हात वर करून थांब म्हणून खुणावलं, नाम पुरं केलं, आणि मग बोलल्या. "काम कसलं? वाती वळते."

"कधीपासून?"

"आषाढी एकादशीपासनं. लक्षवातीचं व्रत आहे. चातुर्मासात लाख वाती वळायच्या आणि त्रिपुरी पौर्णिमेला देवापुढं लावायच्या. रोज आठशे-साडेआठशे."

"पण शहापुरे सरांनी तुम्हाला दर महिन्याला विचारलं होतं, हातानं काही काम करता का म्हणून. तुम्ही नाही म्हणालात!"

"मग नाहीच की!" बाई चक्क दुखावल्या. "भांडं घासलं नाही, पोळी लाटली नाही, एका बाईचा हात भरला नाही. सून जेवणाचं ताट हातात देते. मी कशाला खोटं बोलेन, तेही व्रतात? ते काम विचारत होते. ही सेवा आहे. सेवेला कुणी काम म्हणतं का?"

मृदुलाला हसू आलं आणि अंगावर शहाराही आला. निदानिकेचा सगळा हिशेब त्या एका 'नाही'वर उभा होता. हात पडून असेल तर मज्जेला रेशमाखेरीज दुसरा आधार नाही. ती रेशमालाच चिकटणार. पण हा हात पडून नव्हताच. चार महिने, रोज आठशे वेळा, त्यानं एकच बारीक हालचाल केली होती.

"बोटांना कळत नव्हतं तेव्हा कशा वळायचात?"

"डोळ्यांनी. वेड्यावाकड्या व्हायच्या. देवाला चालतात." बाईंनी पिशवीकडे मान केली. "बघ की. सगळ्या आणल्यात. घरी ठेवल्या तर मांजर लोळतं."

पिशवीत पुड्या होत्या. रोजच्या वाती त्या-त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरचं त्या तारखेचं पान फाडून त्यात बांधलेल्या. प्रत्येक पुडीवर तारीख आणि तिथी छापलेली! मृदुलानं पलंगाच्या पायथ्याशी पुड्या ओळीनं मांडल्या आणि एकेक सोडली.

आषाढ शुद्ध एकादशीच्या वाती म्हणजे कापसाचे नुसते गोळे होते. श्रावणातल्या कुठे जाड, कुठे सुटलेल्या. भाद्रपदात पीळ दिसू लागला, पण सगळा एका बाजूला कललेला, जसा वारा लागलेला. आणि मग आश्विनातली एक पुडी. आदल्या दिवशीच्या वाती आणि या वाती दोन वेगळ्या बायकांनी वळल्या असाव्यात इतका फरक. खाली गोल बूड, वर सरळ, नेमका शेंडा. त्यापुढच्या पुड्यांत तर मोगऱ्याच्या कळ्याच भरल्या होत्या.

"ललितापंचमी," बाई हळूच म्हणाल्या. पुडी न वाचता त्यांना ती ओळखता आली होती. "त्या दिवशी दुधात बोट घातलं आणि गार लागलं. मी दचकलेच. वाटलं, देवीनं हात धरला."

मज्जातंतूच्या वाढीचे आलेख मृदुलानं शेकड्यांनी पाहिले होते, सगळे पडद्यावरचे. कापसाचा आलेख ती पहिल्यांदाच बघत होती. आणि तो निदानिकेच्या शेऱ्याशी जुळत नव्हता.

डॉक्टर शहापुरे हात धुवायला निघाले होते. मृदुलानं त्यांना दारातच गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

"वाती?" डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "मृदुला, श्रद्धा वेगळी आणि जोडणी वेगळी. सेतू भिजलाय, म्हणून दोनशे दिसताहेत."

"असेलही, सर. पण सेतू भिजला नसेल तर? तो अजून सहाशेचाच असेल, आणि शेजारून मज्जेची स्वतःची दुसरी वाट झाली असेल, समांतर, तरीही दोनशेच दिसतील. आकडा एक आणि अर्थ दोन."

डॉक्टर थांबले. त्यांना फरक ठाऊक होता. एकसर असेल तर सेतू त्याच्या भोवतालासकट तासाभरात खणून काढायचा; वाचवण्यासारखं तिथे काहीच नसतं. समांतर असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली रेशमाचा धागा न् धागा सोडवून शेजारची मज्जा जपायची. पाच तास. चौसष्ट वर्षांच्या बाईला पाच तासांची भूल उगाच कुणी देत नाही.

"सिद्ध कसं करशील?"

"सेतूतल्या गाठीनं."

प्रत्येक रेशीमसेतूत सहाशे ओहमची एक जादा गाठ विणलेली असते, झोपलेली. मनगटावर चुंबकीय कडं चढवून फिरवलं की ती जागी होते आणि सेतूचा रोध तेवढा वाढतो. बसवताना सेतू तपासायची ती सोय होती. निदानिका आल्यापासून गाठ पुन्हा जागी करायची गरज कुणाला वाटली नव्हती.

"अर्धं मिनिट," डॉक्टर म्हणाले. "त्याहून जास्त नाही. एकसर असेल तर मज्जेची टोकं उपाशी पडतील."

कपाटातून कडं शोधून काढलं. ते अखंड होतं, आणि बाईंचा हात सुजलेला. मृदुलानं बोटांवरून सरकवलं. ते अंगठ्याच्या मुळाशी अडकलं. तिनं जोर लावला.

"अगं अगं! अशी चढते का बांगडी?" रत्नमालाबाई कळवळण्याऐवजी रागावल्या. "साबणाचं पाणी आण. हं. आता माझा अंगठा आत मुडप, करंगळीच्या बाजूनं आधी घे. ओढायचं नसतं, हाताला समजवायचं असतं. फिरव. फिरव… बघ, गेलं!"

"दुखलं का, मावशी?"

"कासारणीनं ओरडायचं नसतं. ते गिऱ्हाइकाचं काम." आणि मग जरा हसून, "चाळीस वर्षांत माझा हात दुसऱ्या कुणी भरला नव्हता."

मृदुला सुया टेकवत होती. बाईंनी विचारलं, "तू बघतेस काय नेमकं? मला कळेल असं सांग."

मृदुलानं खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या दत्तमंदिरात पौर्णिमेच्या तयारीचे बांबू लागत होते. "मावशी, तुम्ही दर्शनाच्या रांगेत उभ्या असता. बोळ एकच, त्यात एकापुढे एक दोन दारं. आणखी एक दार मध्ये घातलं तर?"

"खोळंबा वाढणार. प्रत्येक दाराशी थांबणं आलं."

"ते एकसर. अडवणुकीत अडवणूक सरळ मिळवायची. आता असं समजा, दारं शेजारी-शेजारी आहेत. एका दाराशी भटजींनी खुर्ची टाकली, वाट अरुंद केली. मग?"

"मग लोक दुसऱ्या दारानं जातील. बायका तर आधी." बाई क्षणभर थांबल्या. "आणि दुसरं दार अरुंद असलं तरी दोन्ही मिळून खोळंबा कमीच. होय की गं! दार म्हणजे अडवणूकच, पण दुसरं केलं की सुटका."

"तेच समांतर. मी आता तुमच्या सेतूच्या दारात सहाशेची खुर्ची टाकणार आहे. एकसर असेल तर दोनशे अधिक सहाशे, नेमके आठशे दिसतील. सेतू भिजलेला असो की कोरडा."

"आणि दुसरी वाट असली तर?"

"तर आकडा थोडासाच हलेल."

डॉक्टर शहापुरे पडद्यापाशी येऊन उभे राहिले. मृदुलानं कडं पाव वळसा फिरवलं. मनगटातला हिरवा ठिपका विझला आणि पिवळा होऊन पुन्हा लागला. गाठ जागी झाली.

दोनशे. दोनशे अकरा. दोनशे एकोणतीस.

बाईंचे ओठ हलत होते.

दोनशे चाळीस. आकडा तिथे थांबला.

डॉक्टरांनीच कडं मागे फिरवलं, ठिपका हिरवा होऊ दिला आणि पुन्हा वळवलं. दोनशे चाळीस. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि हातमोज्यांच्या डब्यावर गणित मांडलं. सहाशेच्या शेजारी तीनशे ठेवले तर दोन्ही मिळून दोनशे. बाराशेच्या शेजारी तेच तीनशे ठेवले तर दोनशे चाळीस. दोन्ही वेळी तीनशे.

"भिजलेला नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "सेतू कोरडा ठणठणीत सहाशेचा आहे. आणि त्याच्या शेजारी तीनशे ओहमची जिवंत वाट आहे. आपण बांधलेल्यापेक्षा दुप्पट चांगली." त्यांनी पेन खाली ठेवलं. "सेतू अख्खा काढला तरी तीनशे उरणार. ही वाट आपण नाही बांधली, मृदुला."

मग ते पलंगाच्या कडेवर बसले. शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णाच्या पलंगावर ते कधी बसत नसत. पायथ्याशी मांडलेल्या पुड्यांवरून त्यांची नजर आषाढापासून कार्तिकापर्यंत गेली आणि परत आली.

"मावशी, पाच तास लागतील."

"लागू देत की. मला चार महिने लागले," बाई म्हणाल्या. "अकरा वाजायला किती अवकाश आहे? माझ्या अजून एकशे बारा राहिल्यात."

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया अर्धा तास पुढे ढकलली.

पाच तासांचे साडेसहा झाले. सूक्ष्मदर्शकाखाली मृदुलानं ते स्वतः पाहिलं: पिवळसर, मेलेलं रेशीम, आणि त्याला वळसा घालून गेलेला मज्जेचा पांढरा शुभ्र झुबका. रेशमाला तो कुठेही चिकटलेला नव्हता. त्याचे तंतू एकमेकांभोवती हलका पीळ घेऊन गेले होते. तसाच पीळ तिनं सकाळी शंभरदा पाहिला होता. तिनं डॉक्टरांकडे पाहिलं. मास्कच्या वर त्यांचे डोळे तिथेच खिळले होते.

त्रिपुरी पौर्णिमेला रत्नमालाबाई पलंगावरच होत्या. सून वाती न्यायला आली तेव्हा मृदुला अवघडून म्हणाली, "मावशी, फोटो मी काढलेत. पण हा जगातला एकमेव पुरावा आहे. या जळून जाणार…"

"त्या लावण्यासाठीच वळल्यात, बाळ."

"एक पुडीसुद्धा नाही का ठेवता येणार?"

बाईंनी सुनेला पिशवी उघडायला लावली. "आमच्यात हात भरून झाला की एक बांगडी जास्त घालतात, मोजणीच्या वर. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी घालतात. तशी लाखाच्या वर एक पुडी वळली आहे." त्यांनी ललितापंचमीची पुडी डाव्या हातानं मृदुलाच्या ओंजळीत ठेवली. "मोजून बघ. लाख पुरे आहेत, ही वरची."

सहाव्या दिवशी पट्टी निघाली. हिरवा ठिपका नव्हता. मनगट नुसतं मनगटासारखं दिसत होतं. बाईंनी डोळे मिटले आणि उजवा हात पुढे केला. मृदुलानं आपला हात त्यात दिला. तीन बोटं तिच्या अंगठ्याच्या मुळाशी फिरली, थांबली, जरासं दाबून परत फिरली.

"सव्वादोन," बाई म्हणाल्या. मग कपाळाला आठी पडली. "थांब. इथं बारीक हाड वर आलंय. लहानपणी पडली होतीस?"

मृदुला सातवीत सायकलवरून पडली होती. क्ष-किरणाशिवाय ते हाड आजवर कुणाला कळलं नव्हतं.

ती आपल्या खोलीत आली. टेबलावर पुडी होती आणि पडद्यावर निदानिकेची यादी. राज्यभरात आजवर तीनशे बारा सेतू 'एकसर' ठरवून खणून काढले होते. त्यांचं आता काही होण्यासारखं नव्हतं. तिनं प्रत्येक नोंद उघडून 'हाताचा वापर' हा रकाना पाहिला. नाही. नाही. नाही. खाली तीनशे बारा वेळा तोच शब्द. यातल्या किती जणांनी जपमाळ ओढली असेल, किती जणांनी तसबीह? कोण रोज नातवाचं डोकं थोपटून त्याला निजवत असेल, कोण मुंग्यांना साखर घालत असेल? यातलं काहीच काम नव्हतं. आणि निदानिका शिकली होती ती याच नोंदींवर.

त्याखाली सत्याऐंशी नावं अजून बाकी होती. ज्यांचे सेतू काढायचे ठरलेत, पण काढलेले नाहीत, अशांची. डॉक्टरांनी त्या सगळ्या तारखा कालच थांबवल्या होत्या. प्रत्येकाला कडं चढवायचं, गाठ जागी करायची. पण त्याआधी विचारायचं होतं, आणि प्रश्न नवा हवा होता.

मृदुलानं पहिल्या नावाला फोन लावला. पलीकडे एका म्हाताऱ्या माणसानं उचलला. "कोण बोलतंय?"

"रुग्णालयातून बोलते, बाबा. तुमच्या सेतूबद्दल." ती थांबली. पुडीतली एक वात तिच्या बोटांत होती. "हातानं काम करता का, ते नाही विचारत मी. मला सांगा, ज्याला तुम्ही काम म्हणत नाही, असं तुमचा हात रोज काय करतो?"

पलीकडे तो माणूस जरा लाजल्यासारखा हसला आणि सांगू लागला.